कारखाना विकला, कामगारांचं काय?

तळेगावात २००८ मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. शेवरोलेची भारतातली विक्री कंपनीने २०१७ अखेर बंद केलीच होती; पुढची तीन वर्षं इथे फक्त निर्यातीच्या गाड्या बनल्या. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार केंद्राच्या मंजुरीअभावी २०२२ मध्ये फिसकटला.

दरम्यान कामगार अधांतरी लटकले. शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला औद्योगिक विवाद कायद्याखाली सरकारची परवानगी लागत असे. राज्य सरकारने ती नाकारली. म्हणजे कागदावर कारखाना जिवंत आणि आत यंत्रं बंद! एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला. ले-ऑफमध्ये नोकरी जात नाही, पण कायद्याने हाती पडते ती मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम. घराचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागतो.

आणि परवानगी मिळाली असती तर? भरपाई ठरते सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. कारखान्याच्या पहिल्या वर्षापासूनच्या कामगाराची सेवा बारा वर्षांची. म्हणजे १८० दिवस, सहा महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी आणि पीएफ वेगळे. चाळिशीकडे झुकलेल्या, मुलं शाळेत असलेल्या माणसाला नवी नोकरी शोधायला एवढीच मुदत. कायद्यातली ही रक्कम किमान असते. त्यावर जे मिळतं ते युनियनच्या ताकदीवर. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा कंत्राटी कामगार तर बहुधा या वाटाघाटीच्या बाहेरच राहतो.

२०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि यंत्रांचा. आम्हालाही सामावून घ्या, ही जुन्या कामगारांची मागणी होती. पण मालमत्तेच्या खरेदीत माणसं आपोआप येत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर नेली आहे. कामावरून कमी केलेल्यांना नवं कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूदही तीत आहे. पंधरा दिवसांत नवा धंदा शिकून होत नाही. कारखाना हस्तांतराला मंजुरी आणि सवलती देताना जुन्या कामगारांना प्राधान्याची अट सरकारने घालायलाच हवी.