अडलेली बंदूक आणि कचेऱ्यांचा हिशेब

बंदूक ऐन वेळी का अडते, हा प्रश्न शस्त्रागारातील कारागिराचा. त्यात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने लक्ष घालण्याचे कारण काय, असे काही वाचकांना वाटेल. तसे वाटणे गैर नाही. परंतु ज्या प्रकरणाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यात बंदुकीतील बिघाडाचा माग काढणारे अखेर जाऊन पोहोचले ते कचेऱ्यांच्या टेबलांपाशी. तेथे त्यांना जे सापडले, त्याचा संबंध पोलादाशी थोडा आणि निर्णय घेण्याच्या पद्धतीशी पुष्कळ होता. हे प्रकरण अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचे. ते घडले व्हिएतनाममध्ये, १९६५ ते १९६७ या काळात. रायफली व काडतुसे स्वतः बनविणाऱ्या कोणत्याही देशाला, म्हणजे आपल्यालाही, त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. स्वयंचलित रायफलीत एका गोळीमागे अनेक कामे क्रमाने व्हावी लागतात. मॅगझिनमधील काडतूस वर येते. बोल्ट ते पुढे ढकलून नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, बसवितो. मग बोल्टला कुलूप बसते व गोळी सुटते. त्यानंतर कुलूप उघडते, बोल्टचा आकडा पितळी पुंगळी मागे ओढतो, ती बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस वर येते. एम-१६ सलग झाडू लागली की हे सारे एका सेकंदात बारा-तेरा वेळा घडते. या साखळीची कोणतीही कडी तुटली तरी सैनिक एकच शब्द उच्चारतो : 'जाम'. परंतु तापाने फणफणलेल्या प्रत्येक रोग्याला एकच रोग झालेला नसतो, तसेच हेही आहे.

महाविद्यालयात असताना प्रस्तुत लेखक राष्ट्रीय छात्रसेनेत होता. तेथे नेमबाजीच्या मैदानावर जुन्या पॉइंट बावीसच्या रायफली असत व त्या वरचेवर अडत. आम्ही मुले बोल्टशी झटापट करू लागलो की आमचे उस्ताद हातावर चापटी मारीत. त्यांचा नियम असा की, बंदूक अडली की आधी हात थांबवावयाचा आणि ती नेमकी कोठे थांबली ते पाहावयाचे. काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरके झाले असेल, तर दोष बहुधा मॅगझिनच्या ओठांत किंवा त्याच्या स्प्रिंगमध्ये. बोल्ट पुरता मिटला नसेल, तर आत घाण किंवा काडतूसच वाकडे. रिकामी पुंगळी आत चिकटून राहिली असेल, तर आकडा झिजला असेल किंवा चेंबर खराब झाले असेल. यानंतर त्यांचा दुसरा प्रश्न असे : काल चालत होती, मग कालपासून बदलले काय? आणि ते रायफलीकडे न पाहता काडतुसांच्या पेटीवरचा शिक्का वाचू लागत. हे दोन प्रश्न वॉशिंग्टनमध्ये वेळीच विचारले गेले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

व्हिएतनाममधील बिघाड मुख्यतः तिसऱ्या जातीचा होता, आणि तीच जात सर्वांत घातक. काडतूस तिरके झाले तर हाताने दोन-चार सेकंदांत मार्ग निघतो. पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसली की मात्र आकडा तिची कड तोडून रिकामाच मागे येतो. मग एकच उपाय उरतो. नळीच्या तोंडातून सफाईचा गज आत घालून पुंगळी मागच्या बाजूला ठोकून काढावयाची. शंभर वर्षांपूर्वीची ठासणीची बंदूक वापरणारा शिपाई जसा गज घेऊन बसे, तसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला शिपाई शत्रूच्या गोळीबारात गज घेऊन बसला. ज्यांच्यापाशी गज होता ते. अनेकांपाशी तोही नव्हता.

आता दुसरा प्रश्न. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट या कंपनीत आखलेली ही रायफल आरंभी एआर-१५ म्हणून ओळखली जात असे. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. १९६२ मध्ये अशा एक हजार रायफली परीक्षणासाठी व्हिएतनामला धाडल्या गेल्या. तेथून आलेले अहवाल उत्तम होते. तोच पाऊस, तोच चिखल, तीच दमट हवा. आणि रायफल चालत होती. तेव्हा पुढे तीन-चार वर्षांनी ती अडू लागली याचा दोष हवामानावर किंवा रायफलीच्या मूळ कल्पनेवर टाकता येत नाही. मध्यंतरी काही तरी बदलले होते, आणि जे बदलले ते काडतुसाच्या आत होते.

मूळ रायफल ड्यू पाँट कंपनीच्या लांबट कणांच्या दारूवर बेतलेली होती. लष्कराने गोळीच्या वेगाची अट घातली सेकंदाला ३,२५० फुटांची, आणि चेंबरमधील दाबालाही मर्यादा घातली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात जुन्या दारूने या दोन्ही अटी एकदम पाळणे अवघड होऊ लागले. म्हणून १९६४ मध्ये ऑलिन कंपनीच्या गोलाकार कणांच्या दारूला मान्यता मिळाली. अशी दारू लष्कर इतर काडतुसांत आधीपासून वापरीत होते व तिचा पुरवठा मुबलक होता. वेग व दाब यांच्या कोष्टकात ती बिनचूक बसली. जे कोष्टकात नव्हते तेथे मात्र ती बसली नाही. ती अधिक काळ जळत राही, त्यामुळे बोल्टला मागे रेटणाऱ्या वायूचा जोर वाढे. मिनिटाला साडेसातशे-आठशे फैरींचा वेग नऊशे ते हजारापर्यंत जाऊ लागला. पितळी पुंगळी स्फोटाने फुगते व क्षणात पुन्हा आकसते. ती आकसण्यापूर्वीच बोल्ट तिला ओढू लागला, तर ती चेंबरच्या भिंतीला धरून बसणारच. त्यातच या दारूत टिकाऊपणासाठी घातलेल्या चुन्याच्या क्षाराचा अंश आत साचत असे.

चेंबरची भिंत तरी गुळगुळीत राहिली असती, तर निभावले असते. परंतु तिला क्रोमचा मुलामा नव्हता. याच लष्कराच्या आधीच्या एम-१४ रायफलीच्या चेंबरला तो होता. रशियनांच्या कलाश्निकोव्हलाही होता. दमट हवेत उघडे पोलाद गंजते, त्याला बारीक खड्डे पडतात आणि फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत घट्ट बसते. मग मुलामा का दिला नाही? संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी १९६३ मध्ये एम-१४ चे उत्पादन थांबविले आणि सुमारे एक लाख चार हजार नव्या रायफलींची मागणी नोंदविली. ही एकदाचीच खरेदी, पुढे वेगळीच रायफल येणार, असे तेव्हा गृहीत होते. तात्पुरत्या भाड्याच्या घराला कोणी गिलावा करीत नाही. गंमत अशी की, याच वेळी बोल्ट हाताने पुढे रेटण्याची एक कळ मात्र लष्कराने आग्रहाने बसवून घेतली. वायुदलाला व खुद्द स्टोनर यांना ती अनावश्यक वाटत होती. अडकलेली पुंगळी मागे काढावयाची असताना बोल्ट पुढे रेटण्याच्या कळीचा उपयोग काय, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

येथवर जे सांगितले त्याला अनवधान म्हणता येईल. पुढील गोष्टीला तसे म्हणणे कठीण आहे. नव्या दारूने रायफलीचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर जातो, हे कोल्टच्या तपासणीत दिसून आले. रायफली नापास होऊ लागल्या असत्या. त्यावर तोड अशी काढण्यात आली की, कारखान्यातील स्वीकृती-चाचणी जुन्या दारूच्या काडतुसांवर घेण्यास कंपनीला मुभा द्यावी. रायफली उत्तीर्ण झाल्या, जहाजावर चढल्या आणि व्हिएतनाममध्ये त्यांना खाद्य मिळाले ते नव्या दारूचे. विद्यार्थ्याची परीक्षा सोप्या पेपरावर घेऊन त्याला पहिल्या वर्गाचे प्रशस्तिपत्र देण्याचा हा प्रकार आम्हां अध्यापकांना अपरिचित नाही; परंतु आमच्या प्रशस्तिपत्रामुळे सहसा कोणी मरत नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्ही धुराड्याचे उदाहरण शिकवितो. कारखान्याचा धूर शेजारच्या धोब्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, पण त्याची किंमत कारखान्याच्या वहीत कोठेच लागत नाही. एम-१६ च्या प्रकरणात धुराडी अनेक होती. काडतुसांच्या विभागाने वेग व दाब सांभाळला. त्याचे काम चोख. रायफलीच्या विभागाने खरेदीचा खर्च व मुदत सांभाळली, त्याचेही चोख. कंपनीने चाचणी उत्तीर्ण करून दाखविली. प्रत्येकाच्या वहीत जमेची बाजू भरलेली. रायफल आणि काडतूस मिळून एकच यंत्र होते; परंतु त्या एका यंत्राला उत्तरदायी असा एकही अधिकारी नव्हता. सारा खर्च ज्याच्या अंगावर पडला, त्या शिपायाची वही कोणत्याच कचेरीत नव्हती.

उलट आरंभी त्यालाच दोषी ठरविण्यात आले. १९६६ च्या अखेरीस तंत्रज्ञांची पथके व्हिएतनामला गेली व सैनिक रायफली स्वच्छ ठेवीत नाहीत असे त्यांना आढळले. यात तथ्य होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घाणेरडी रायफल अडणारच. परंतु ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज सैन्यात पसरला होता, सफाईचे सामान पुरेसे पोहोचले नव्हते, कित्येकांना ती कशी उघडावी याचे नीट शिक्षणही मिळाले नव्हते. काही सैनिकांनी घरी पत्रे लिहून आईबापांकडून गज व तेल मागविले. रोग्याला औषध न देता पथ्य पाळले नाही म्हणून रागावण्यासारखेच हे झाले.

वाचा फुटली ती अशाच एका पत्राने. १९६७ च्या वसंतात मरीन सैनिकांना ही रायफल देण्यात आली आणि लगोलग खे सान्हच्या टेकड्यांवर घनघोर लढाई झाली. तेथून एका मरीनने घरी लिहिलेले पत्र मे महिन्यात न्यू जर्सीतील वृत्तपत्रात छापून आले आणि प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी ते प्रतिनिधिगृहापुढे ठेवले. आपल्या मृत सोबत्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाशेजारी त्याची रायफल सुटी केलेल्या अवस्थेत आढळली, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे मरण आले तेव्हा ते लढत नव्हते, बंदूक दुरुस्त करीत होते. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी करून ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला. काडतुसांतील दोष दूर करण्यात अधिकाऱ्यांनी केलेली हयगय गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर जाते, असा ठपका त्यात आहे.

उपाय मात्र साधे निघाले. बोल्टची गती आवरणारा जड बफर बसविला गेला, चेंबरला क्रोमचा मुलामा आला, दारूतील क्षाराचे प्रमाण घटविले गेले, गज व तेल पोहोचले. विल आयस्नर या व्यंगचित्रकाराकडून सफाईची सचित्र पुस्तिकाही करवून घेण्यात आली. सफाईचे सामान ठेवण्यासाठी दस्त्यात कप्पा आला तो आणखी नंतर. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लष्कराने गोलाकार कणांची दारू सोडून दिली नाही. तीच दारू, पण तिला साजेशी केलेली रायफल, ही जोडी पुढे चांगली चालली व तिची वंशावळ आजही सेवेत आहे. म्हणजे दारू वाईट नव्हती आणि रायफलही वाईट नव्हती. वाईट होती ती जोडी, आणि जोडी पाहणारा कोणी नव्हता.

आपल्याकडील इन्सास रायफलीची आखणी पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेची, निर्मिती मुख्यतः ईशापूरची. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जातात, ती अडते, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या लष्करानेही जाहीर तक्रार केली. पुढे सुधारणा झाल्या. २०१९ मध्ये अमेरिकी सिग रायफली मागविण्यात आल्या व डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. रायफल बदलणे हाही उपाय असतो. परंतु जुनी नेमकी कोठे अडत होती व का, याचे सविस्तर उत्तर सार्वजनिक चर्चेत कधी आले नाही, आणि ते न घेता केलेली नवी खरेदी म्हणजे निदानाशिवाय डॉक्टर बदलणे होय.

त्यातच १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुधनिर्माणी मंडळ जाऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. ईशापूरचा रायफल कारखाना कानपूरच्या कंपनीकडे गेला. खडकी व वरणगाव येथील काडतुसांचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे. प्रत्येक कंपनीने आपला ताळेबंद स्वतंत्र मांडावा, नफा-तोटा स्वतंत्र दाखवावा, हा या सुधारणेचा हेतू आहे आणि अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून तो मला पटतो. परंतु सीमेवरील चौकीत रायफल अडली, तर तिचा क्रमांक एका शहरातील टेबलावर जाणार आणि काडतुसांच्या पेटीवरील शिक्का दुसऱ्या शहरातील टेबलावर. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याचे काम नावानिशी कोणाकडे सोपविले आहे, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दोन्ही कंपन्यांच्या अध्यक्षांना एकाच बैठकीत बोलावून विचारावे.