टचपॅड रुसतो तेव्हां

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्या घरांतून लहानांना व सुनांना फार वेळां ऐकून घ्यावी लागते. परंतु केव्हां केव्हां अंगण खरोखरच वांकडें असतें आणि नाचणाऱ्याचा त्यांत कांहींएक दोष नसतो. गेल्या उन्हाळ्यांत याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडलें. तें ज्या वस्तूविषयीं आहे ती आज बहुतेक सुशिक्षित घरांतून आढळते. लॅपटॉपच्या कळफलकाखालीं जो गुळगुळीत चौकोन असतो, ज्याला सारे टचपॅड म्हणतात, त्याच्याविषयीं चार उपयोगी गोष्टी त्या निमित्तानें वाचकांस सांगाव्या असें आम्हांस वाटतें.

आमची थोरली बहीण धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा या तालुक्याच्या गांवीं असते. वैशाखाचे दिवस होते. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. भाचीला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरावयाचा होता व त्याची मुदत त्याच रात्रीं बारा वाजतां संपत होती. बाकी सर्व भरून झालें होतें. छायाचित्र व सही तेवढी राहिली होती. या दोहोंभोंवतीं जी चौकट दिसते ती बोटानें ओढून नेमक्या मापाची करावयाची असते. ती ओढूं जावें तों अर्ध्यावर सुटे. पान खालीं सरकवावें तर तें उड्या मारी. आणि बाण तर सांडलेल्या पाऱ्यासारखा थरथरे.

“हिचा हातच धांदरट,” दाजी म्हणाले. आक्का नव्या लॅपटॉपच्या किंमतीचा हिशेब करूं लागली. एका दुकानदाराला फोन केला, तर त्यानें न पाहतांच टचपॅड बदलावा लागेल असें सांगून टाकलें. भाची रडकुंडीस आली. “मामा, मी नीटच ओढतें आहें हो!” एवढेंच ती पुनःपुन्हां म्हणत होती.

निवाडा देण्यापूर्वीं हें यंत्र बोट ओळखतें तरी कसें, हें पाहिलें पाहिजे. टचपॅडला दाब कळत नाहीं. त्याला कळते ती वीज. त्याच्या पृष्ठभागाखालीं अतिशय बारीक वाहक रेषांचें उभें-आडवें जाळें असून त्यावर विजेचें क्षीण क्षेत्र खेळत असतें. मनुष्याचें बोट खारट पाण्यानें भरलेलें, म्हणजे विजेचें वाहक. तें जवळ आलें कीं त्या ठिकाणची विद्युत्‌धारणा किंचित् बदलते, आणि आंतील चकती हा बदल एका सेकंदांत कितीतरी वेळां मोजून बोट कोठें आहे व बोटें किती आहेत हें ठरविते. पूर्वीं या जागीं फिरविण्याचा एक लहानसा गोळा असे. १९९४ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या पॉवरबुक ५०० या मालिकेंत त्याच्या ठिकाणीं टचपॅड बसविला. दोन बोटांनीं पान सरकविण्याची सोय त्या कंपनीच्या लॅपटॉपांत २००५ सालीं आली.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. आधीं बोट, मग सेटिंग, मग भिंत आणि शेवटीं यंत्राचें पोट.

प्रथम बोट. हात ओला असेल तर पाण्याच्या थेंबालाहि टचपॅड बोट समजतो. तेलकट असेल तर पृष्ठभागावर थर बसतो. यंत्र बंद करून किंचित् ओलसर मऊ फडक्यानें तो पुसावा व कोरडा करावा. नखानें कांहीं हालत नाहीं, कारण नख वीज वाहून नेत नाहीं. आक्काच्या सासूबाई रोज सकाळीं याच लॅपटॉपवर वर्तमानपत्र वाचतात, आणि पान सरकत नाहीं म्हणून त्यांना घरच्यांची थट्टा सोसावी लागे. आम्हीं पाहिलें तों त्या दोन्ही बोटें एकमेकांस चिकटवून नखाच्या टोकांनीं पान सरकवूं पाहत होत्या. बोटांत थोडें अंतर ठेवून त्यांचा मांसल भाग टेकवावयास सांगतांच पान मुकाट्यानें सरकलें. ओढण्याच्या वेळीं उलट चूक होते. अंगठा नकळत टचपॅडवर विसावलेला असतो. यंत्र त्याला दुसरें बोट समजतें आणि चित्र ओढलें न जातां पानच सरकतें.

दुसरें सेटिंग. विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’, त्यांत ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ व त्यांत ‘टचपॅड’ असें गेलें म्हणजे सर्व कळा एके ठिकाणीं सांपडतात. दोन बोटांनीं पान सरकविणें चालू आहे कीं नाहीं, कोणत्या दिशेनें सरकावें, स्पर्शाची संवेदनशीलता किती असावी, हें तेथें ठरवितां येतें. दोनदां टिचकी मारून दुसऱ्या वेळीं बोट न उचलतां ओढण्याची सोयहि तेथेंच चालू करावी. ज्यांच्या बोटांत दाबून धरण्याची शक्ति नाहीं त्यांना ती फार सुखाची वाटते. ॲपलच्या यंत्रांत ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरांत तीन बोटांनीं ओढण्याची तजवीज आहे. टंकलेखन चालू असतां हाताच्या तळव्यानें घोटाळा होऊं नये म्हणून यंत्र टचपॅडकडे क्षणभर दुर्लक्ष करतें. तो दोष समजूं नये. माऊस जोडला कीं टचपॅड बंद करणारें सेटिंगहि असतें. यंत्रांतील नव्या सुधारणेनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ मधून टचपॅडचा ड्रायव्हर काढून यंत्र पुन्हां चालू करावें, म्हणजे बहुधा विंडोज तो स्वतःच बसवितें. मात्र त्या वेळीं एक साधा माऊस हाताशीं असावा.

भाचीच्या बाबतींत बोट निर्दोष ठरलें, सेटिंगहि ठाकठीक निघालें. इतक्यांत आमचा हात लॅपटॉपच्या धातूच्या कडेला लागला आणि मुंग्या आल्यासारखें वाटलें. आम्हीं तात्काळ चार्जरची पिन भिंतींतून काढावयास सांगितली. बाण जागच्या जागीं स्थिर झाला! बॅटरींत तीस टक्के वीज शिल्लक होती. तेवढ्यांत चौकट ओढली गेली, सही बसली, आणि दहाच्या आंत अर्ज रवाना झाला.

कारण असें कीं, चार्जरमधून विजेचा अत्यल्प अंश लॅपटॉपच्या अंगावर येत असतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनींत निघून जातो. नसेल तर यंत्राच्या अंगावरच खेळत राहतो आणि बोटाची सूक्ष्म खूण त्या गोंगाटांत हरवते. दोन पिनांच्या चार्जरला तर अर्थिंगच नसते, म्हणून चांगल्या घरांतहि अशा मुंग्या येऊं शकतात. तो अंश सहसा अपायकारक नसतो. परंतु दाजींच्या चार्जरला तीन पिना होत्या. म्हणजे दोष घराच्या अर्थिंगचा असण्याचा संभव होता, आणि तें प्रकरण लॅपटॉपपुरतें नव्हतें. त्याच अर्थिंगवर शीतपेटी, पाण्याची मोटर आणि न्हाणीघरांतला गीझर विसंबून होता.

दुसऱ्या दिवशीं वायरमन आला. अंगणांतील अर्थिंगचा खड्डा सुकून खडखडीत झालेला. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाहीं. शिवाय तारेची पकड गंजून सैल झाली होती. त्यानें पकड बदलली, खड्ड्यांत पाणी जिरविलें व मोजून खात्री करून घेतली. त्यानंतर चार्जर लावूनहि बाण थरथरला नाहीं. हें काम जाणकाराकडूनच करवावें. बोर्ड उघडण्याचें धाडस घरच्यांनीं करूं नये.

राहतां राहिलें यंत्राचें पोट. हें सर्वांत जपण्याचें. टचपॅड वर उचललेला दिसूं लागला, दाबला जाईनासा झाला, किंवा झांकण नीट मिटेना, तर खालची लिथियम बॅटरी फुगली असावी असें समजावें. जुनेपणानें, उष्णतेनें किंवा कायम चार्जरला जोडून ठेवल्यानें तिच्या आंत वायु सांठतो. अशा वेळीं टचपॅड दाबून बसविण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. बॅटरी फाटली तर पेट घेते. यंत्र बंद करावें, चार्जर काढावा, पुन्हां चार्ज न करितां तें अधिकृत दुरुस्तीकेंद्राकडे न्यावें. जुनी बॅटरी केरांत टाकूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

तात्पर्य, टचपॅड रुसला तर प्रथम हातास दोष देऊं नये, आणि प्रथम पैशाच्या पिशवीसहि हात घालूं नये. क्रमानें पाहत गेलें तर बहुतेक वेळां उपाय फुकटचा निघतो. आणि जेथें तो फुकटचा नसतो तेथें हें रुसणें म्हणजे मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना असूं शकते.

दाजींनीं मुलीजवळ आपली चूक कबूल केली असें नव्हे. वडीलधाऱ्या माणसांना तें जड जातें. परंतु आम्ही निघालों त्या सकाळीं ते स्वतः बादली घेऊन अंगणांतल्या त्या खड्ड्यांत पाणी ओतीत होते. “दर उन्हाळ्यांत हें काम आतां माझ्याकडे,” ते म्हणाले. ओसरीवर भाची हंसत होती. अंगणच वांकडें होतें, हें तिला कोणीं निराळें सांगावयास नको होतें.