चढणीवरील तापलेले तेल

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगास असलेले हिनकल हे एके काळचे खेडे आता शहराच्या विस्तारात सामावले आहे. बाह्य वळणरस्ता येथेच हुणसूर रस्त्याला मिळतो. चौकात उड्डाणपूल झाला असला तरी त्याच्या खालची वर्दळ पुरती हटलेली नाही. कोडगूकडे जाणारी अवजड वाहने येथून हुणसूर व कुशालनगर मार्गे मडिकेरीकडे निघतात. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे, तर मडिकेरी सुमारे 1150 मीटरवर. कुशालनगरपर्यंत रस्ता बहुतांशी सौम्य असून खरी चढण त्यापुढे लागते. डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक मागे भरलेला ट्रेलर जोडून या वाटेने निघाला, तर त्याच्या एंजिनापेक्षाही अधिक चिंता करावी असा एक भाग त्याच्या पोटाखाली असतो. तो म्हणजे गिअरपेटी, आणि विशेषतः ती स्वयंचलित असेल तर तिच्यातील तेल.

हाताने गिअर बदलण्याच्या पेटीत दात्यांत दाते अडकलेले असतात व शक्तीचा अगदी थोडा भाग घर्षणात जातो. तेथे धोका असतो तो क्लचला. चढावर गाडी हलविताना तो अर्धवट दाबून धरला की त्याच्या तबकड्या जळू लागतात. स्वयंचलित पेटीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात एंजिन आणि चाके यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले पात्र असते. जहाजांच्या उपयोगासाठी हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल भिरकावते, ते तेल समोरच्या दुसऱ्या चक्रावर आदळून त्याला फिरविते, आणि मधले स्थिर चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून फिरविण्याचा जोर वाढविते. गाडी जागची हलत असता हा जोर दुपटीच्या आसपास जातो. ट्रेलर ओढणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

परंतु ही सोय फुकट मिळत नाही. दोन चक्रांच्या वेगांत जितका फरक, तितकी शक्ती तेल घुसळण्यात खर्ची पडते. जेम्स जूल याने 1840 च्या दशकात वजने खाली सोडून त्यांच्या ओढीने पाण्यात वल्ही फिरविली आणि पाणी किती तापते ते मोजले. टॉर्क कन्व्हर्टर हे त्याच प्रयोगाचे यंत्र म्हणता येईल. फरक इतकाच, की जूलला पाणी तापवायचे होते आणि चालकाला तेल तापू द्यावयाचे नसते.

एक हिशेब मांडून पाहू. गाडी व ट्रेलर मिळून 4 टन वजन आहे, चढ शंभर मीटरला सहा मीटर आहे आणि वेग ताशी 30 किलोमीटर आहे असे समजा. एवढा भार वर नेण्यास व टायरांचा रोध मोडण्यास सुमारे 24 किलोवॉट शक्ती लागते. कन्व्हर्टरची कार्यक्षमता या स्थितीत 80 टक्के धरली, तर एंजिनाला 30 किलोवॉट द्यावे लागतील आणि उरलेले 6 किलोवॉट तेलात उष्णतेच्या रूपाने जातील. म्हणजे 2 किलोवॉटचे तीन गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे! पेटीत 9 लिटर तेल असेल आणि ते थंड करण्याची कोणतीच सोय नसेल, तर त्याचे तापमान मिनिटाला सुमारे 23 अंश सेल्सिअसने चढेल. तेलाबरोबर धातूचे भागही उष्णता घेतात, म्हणून प्रत्यक्षात हा वेग कमी असतो. परंतु चढण काही मिनिटांत संपत नाही.

गाडी उभी असून एंजिन तिला ओढू पाहत असते तेव्हा कार्यक्षमता शून्य असते व सारी शक्ती तेलातच मुरते. म्हणूनच हिनकलच्या चौकातील खोळंब्यात भरलेला ट्रेलर हातहात पुढे सरकविणे किंवा अरुंद जागेत तो मागे घेणे हे सपाटीवरील काम घाटाइतकेच तापदायक ठरू शकते. पुष्कळ चालकांच्या हे लक्षात येत नाही, कारण वेगमापकाचा काटा शून्याजवळच असतो.

तेल सामान्यतः 80 ते 95 अंशांच्या दरम्यान सुखाने काम करते. त्यापुढे सुमारे दर 10 अंशांस त्याचे आयुष्य निम्मे होते असा एक ढोबळ ठोकताळा आहे. 120 अंशांच्या वर ते झपाट्याने बिघडू लागते. त्याचा लाल रंग तपकिरी होतो, करपट वास येतो, रबरी बंद कडक होतात, आतील क्लचच्या तबकड्या घसरू लागतात. आणि घसरणीने आणखी उष्णता निर्माण होते. मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो खर्च लहान मालवाहतूकदाराच्या कित्येक फेऱ्यांची कमाई गिळतो.

यावरचा मुख्य उपाय यंत्रातच आहे. पॅकार्ड कंपनीने 1949 मध्ये आपल्या मोटारीत असा क्लच बसविला, की विशिष्ट वेगानंतर दोन्ही चक्रे एकमेकांस घट्ट जोडली जातात व घुसळण थांबते. आजच्या स्वयंचलित पेट्यांत तो सर्रास आढळतो. चालकाने खालचा गिअर घेऊन एंजिनाचे फेरे वाढते ठेवले, तर हा क्लच जोडलेला राहण्यास मदत होते. वरच्या गिअरमध्ये रेटत राहिल्यास पेटी वारंवार गिअर बदलते, क्लच सुटतो आणि तापमान वाढते. इंधन वाचविण्यासाठी वरचा गिअर धरून ठेवणे हे येथे खोटे काटकसरीचे लक्षण होय.

तेल थंड करण्यासाठी ते बहुधा रेडिएटरमधील नळीतून फिरविले जाते. परंतु तेथील पाणीच 90 अंशांच्या आसपास असल्याने तेल त्याखाली जाऊ शकत नाही. म्हणून ओढकाम करणाऱ्या गाडीला पुढच्या बाजूस वाऱ्यावर चालणारा वेगळा शीतक जोडतात. संथ चढणीवर वाराच कमी मिळतो हे मात्र त्याचेही वैगुण्य आहे.

कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना बोरघाटात रेल्वेचा चढ 37 ला 1 इतका आहे, आणि तेथे गाडीच्या मागून रेटण्यासाठी जादा एंजिने जोडण्याचा प्रघात आहे. पिकअपला असा सोबती नसतो. त्याने भार कमी घ्यावा, तापमानाचा काटा असल्यास त्यावर नजर ठेवावी आणि तो वर चढू लागताच सुरक्षित जागी थांबावे. थांबल्यावर एंजिन ताबडतोब बंद करणे श्रेयस्कर नाही. गिअर तटस्थ ठेवून, हातब्रेक लावून व चाकांना अडण्या देऊन एंजिन काही मिनिटे चालू ठेवल्यास पंप तेल फिरवीत राहतो आणि शीतक त्याची उष्णता काढून घेतो. उतारावर मात्र गाडी तटस्थ सोडू नये. तेथे खालचा गिअर कायम ठेवावा, म्हणजे एंजिनाचा रोध मिळतो आणि साचलेली ऊर्जा एकट्या ब्रेकांवर पडत नाही.