हलका गेम गेला, जड राहिला

पबजी मोबाइल आणि फ्री फायर हे एकाच साच्यातले दोन गेम. विमानातून रिकाम्या हाताने उडी मारायची, सापडेल त्या घरात शिरून बंदूक-गोळ्या गोळा करायच्या, आकसत जाणाऱ्या झोनच्या आत राहायचे आणि शेवटपर्यंत तग धरायचा. मेलात की जमवलेले सगळे गेले, पुढचा डाव पुन्हा शून्यापासून. पबजीवर भारतात बंदी आली त्याला २ सप्टेंबर २०२५ रोजी पाच वर्षे झाली. बंदीआधीची दोन-अडीच वर्षे ‘पबजी भारी की फ्री फायर’ हा महाराष्ट्रातल्या पोरांचा रोजचा वाद होता. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे मात्र त्याचा निकाल आवडीनिवडीवर लागत नव्हता. हातातला फोन किती जीबीचा आणि पाड्यावर रेंज किती, यावर तो लागत होता.

या खेळांचे मूळ जुने आहे. दर वेळी नवे भुयार, दर वेळी वेगळी लूट आणि मेले की सगळे संपले, हा नियम १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ‘रोग’ या संगणकीय खेळाने रूढ केला. त्यावरून पडलेले ‘रोगलाइक’ हे नाव आजही चालते. मधली तीस वर्षे हौशी मंडळींपुरतीच राहिली. पुढे ‘न्यूक्लिअर थ्रोन’ (२०१५) आणि ‘एंटर द गंजन’ (२०१६) यांनी त्या नियमाला बंदुकांची जोड दिली. पण ते गेम विकत घ्यायचे आणि संगणकावर किंवा कन्सोलवर खेळायचे. जव्हारच्या बाजारात त्यांची चर्चा होण्याचे कारणच नव्हते. रिकाम्या हाताने सुरुवात आणि नशिबाने मिळणारी लूट ही गंमत इथे आली ती फोनवरून, फुकट, आणि समोर भुतांऐवजी माणसे घेऊन.

ती येण्याआधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. मागोमाग स्वस्त अँड्रॉइड फोन खेड्यांत पोहोचले. पालघर जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार शहरात, मोखाड्यात, खोडाळ्यात नेट बरे चाले. दरीत उतरलेल्या पाड्यांवर रेंज म्हणजे घराच्या मागच्या टेकाडावरची एखादी जागा. पावसाळ्यात वीज गेली की तीही जाई.

पबजी मोबाइल मार्च २०१८मध्ये आला. शंभर खेळाडू, आठ किलोमीटर लांब-रुंद बेट, आणि शेवटपर्यंत टिकला तर अर्ध्या तासाचा डाव. त्याला किमान दोन जीबी रॅम लागे, आणि दोन जीबीच्या फोनवर तो चालला तरी ऐन गोळीबारात हँग होई. फ्री फायर थोडा आधीचा, २०१७चा. पन्नास खेळाडू, छोटे बेट, दहा मिनिटांत निकाल, आणि एक जीबीच्या फोनवरही तो ओढत का होईना चाले. अर्धा तास नेट न तुटता राहणे आणि दहा मिनिटे राहणे यातला फरक डोंगरात राहणाऱ्याला सांगावा लागत नाही. रेंज गेली आणि पिंग ९९९ झाला की समोरचा शत्रू जागेवर धावत राहतो आणि मग एकदम आपणच मेलेलो असतो. दहा मिनिटांच्या डावात हे घडले तर हळहळ कमी. खेळताना डेटा फारसा जात नसे. खरा खर्च अपडेटचा. एका अपडेटमध्ये रिचार्जवर दिवसाला मिळणारा दीड जीबी संपून जाई.

खेळ म्हणून पबजी सरस होता, हे फ्री फायरवाल्यांनी कधी कबूल केले नाही. फरक अंगठ्यात दिसे. पबजीत बंदूक झटका देते, नळी वर उडते, म्हणून गोळ्या सुटत असताना अंगठा सतत खाली ओढायचा. कोणती बंदूक किती उडते हे हाताला ठाऊक व्हायला महिने लागतात. फ्री फायरमध्ये उलटे. नेम बराचसा गेमच धरून देतो, आणि फायरचे बटण दाबून अंगठा झटक्यात वर सरकवला की हेडशॉट. पबजीत लपायला झाड, भिंत, टेकडीचा उतार शोधावा लागतो, त्यामुळे जमीन वाचता यावी लागते. फ्री फायरवाला मोकळ्या मैदानात ग्लू वॉल टाकतो आणि क्षणात भिंत उभी करतो.

पुढे फ्री फायर सरळ विज्ञानकथेत शिरला. डीजे आलोकच्या नावाच्या पात्राभोवती जखमा भरणारे वर्तुळ आले. डिसेंबर २०२०मध्ये फुटबॉलपटू रोनाल्डोवर बेतलेला क्रोनो आला. त्याच्याभोवती गोळ्या अडवणारे ऊर्जेचे कवच. अशी पात्रे डायमंडांनी मिळत आणि डायमंड पैशांनी. पबजीत पैसे टाकून कपडे आणि बंदुकांचे रंग मिळत; फ्री फायरमध्ये ताकद मिळे. गरिबांच्या फोनवर चालणाऱ्या गेमने जिंकण्याचे साधन विकायला काढावे, हा त्याचा खरा दोष. त्यावर फारसे कोणी बोलले नाही.

बोलले गेले ते व्यसनावर, आणि तेही सगळे पबजीच्या नावाने. मार्च २०१९मध्ये राजकोटमध्ये पोलिसांनी बंदी घालून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना पकडले. त्याच सुमारास मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या वतीने उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका झाली. पोरगा नापास झाला, पबजी. घरात भांडण झाले, पबजी. आश्रमशाळेतल्या मुलाच्या हाती मुळात फोन किती वेळ असतो, हा प्रश्न अग्रलेख लिहिणाऱ्यांना पडला नाही.

जुलै २०१९मध्ये भारतात आलेला पबजी मोबाइल लाइट हा या काळातला सर्वांत शहाणा निर्णय होता. साठ खेळाडू, लहान नकाशा, एक जीबी रॅम. बंदुकांचा झटका थोडा कमी, पण खेळ पबजीचाच. फ्री फायरवर भागवणाऱ्यांना पहिल्यांदाच निवड करता आली. ती वर्षभर टिकली. जून २०२०मध्ये गलवानमध्ये चकमक झाली आणि २ सप्टेंबरला ११८ चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली. यादीत पबजी होता आणि लाइटही होता. दोनच दिवसांत ‘फौजी’ या स्वदेशी गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला तेव्हा त्यात शंभर जणांची लढत नव्हतीच. गलवानच्या कड्यावर ठोसे आणि काठ्या होत्या, आणि त्याचे रेटिंग बघता बघता घसरले. रान मोकळे झाले ते फ्री फायरला. पण १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ५४ अ‍ॅप्सच्या यादीत तोही गेला. त्याची मालक कंपनी सिंगापूरची, हे कारण त्याला वाचवायला पुरेसे ठरले नाही.

पबजी २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३मध्ये वेळेची मर्यादा घेऊन पुन्हा आला. लाइट त्याच्याबरोबर आला नाही. फ्री फायर गेला, पण त्याचीच जड, चकचकीत आवृत्ती असलेला फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर राहिला. सुरक्षेच्या नावाने दोन्ही गेमवर बंदी आली आणि दोन्ही बाबतींत भारी फोनवर चालणारा गेम कुठल्या ना कुठल्या रूपात उरला, हलका तेवढा गेला. कोणी ठरवून केले असे नाही. हलक्या फोनवाल्याचा विचार कोणाच्या यादीत नव्हता, एवढेच.

मराठी मुलुखातून या खेळाला आलेले उत्तर म्हणजे पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’. २०२२मध्ये जाहीर झालेला हा गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आला. परग्रहावरचे वीरलोक हे बेट आणि भविष्यातल्या भारताची कल्पना. त्यातली कॉस्मियमची युक्ती खरोखर नवी आहे. डावाच्या शेवटी हे द्रव्य प्रकट होते आणि जो ते ताब्यात घेतो तो बाकीचे जिवंत असतानाही जिंकतो. लपून बसणाऱ्याला बाहेर यावेच लागते. पबजीला हे सुचले नव्हते आणि फ्री फायरलाही. सर-ताज, मोरनी, बिग-गज ही पात्रे मात्र राजवाडे आणि पर्यटनाच्या जाहिराती यांतून उचलल्यासारखी वाटतात. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर नाचणारी मुखवट्यांची सोंगे यांहून कितीतरी परग्रहावरची आहेत, आणि ती पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत.

इंडस आला तोवर काळही बदलला होता. रोज दीड जीबीचे जिओचे २८ दिवसांचे रिचार्ज जुलै २०२४मध्ये २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेले होते. म्हणून पुण्याच्या स्टुडिओने पुढचा गेम काढताना पहिली चाचणी स्वस्तातल्या जुन्या फोनवर, मोखाडा-खोडाळा रस्त्यावर, भर पावसात घ्यावी.