माणसांपेक्षा शाळा जास्त

१० डिसेंबर १८५९ रोजी क्वीन्सलँड ही ऑस्ट्रेलियातली ब्रिटिश वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली, तेव्हा तिच्या तिजोरीत साडेसात पेन्स होते, असं तिथे सांगतात. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे ही रक्कम झाली पौंडाचा बत्तिसावा हिस्सा. तीही पुढे चोराने लांबवली, अशी पुस्ती जोडली जाते. गोष्ट खरी माना की तिखटमीठ लावलेली, शाळा काढायला निघालेल्या सरकारला पैशाची चणचण त्या मानाने सोपी होती. पैसे कर्जाने मिळतात. पोरं कर्जाने मिळत नाहीत.

१८६१ च्या शिरगणतीत अख्ख्या वसाहतीत माणसं भरली ३०,०५९. जमीन होती सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेचारपट. माणशी ४६ चौरस किलोमीटरांहून जास्तच. त्या हिशोबाने आजच्या बृहन्मुंबईत तेरा माणसं राहिली असती. (पुढच्याच वर्षी वसाहतीची पश्चिम सीमा आणखी सरकवली आणि तीनेक लाख चौरस किलोमीटरांची भर पडली. विद्यार्थी मात्र त्यासोबत आले नाहीत.) मेंढ्या तेव्हाच तीस लाखांच्या वर होत्या. माणशी शंभर मेंढ्या, हे तिथलं सरळ गणित.

आता यात शाळा बसवून बघू. लहान पोर रोज दोन मैल चालत जाईल असं धरलं, तर एका शाळेच्या कक्षेत साडेबत्तीस चौरस किलोमीटर जमीन येते. १४ लाखांना साडेबत्तीसने भागा: सुमारे ४३,००० शाळा. वर्तुळं जोडताना मधे सुटणाऱ्या फटी सोडूनच द्या, हा नुसता कोरडा भागाकार आहे. वसाहतीतल्या झाडून साऱ्या माणसांना, तान्ह्या बाळांना आणि तुरुंगातल्या कैद्यांनाही मास्तर नेमलं असतं, तरी तेरा हजार शाळा बिनमास्तरांच्या राहिल्या असत्या. आणि शिकायला कोणी उरलंच नसतं.

उलट्या बाजूने मोजलं तर चक्कर येते. सहा माणसांमागे एक शाळकरी मूल धरू. पाच हजार मुलं होतात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला २८० चौरस किलोमीटर. सरकारी शाळेसाठी सरासरी तीस मुलांची हजेरी लागे. तीस मुलं गोळा करायला ८,४०० चौरस किलोमीटर पालथे घालायचे, म्हणजे जवळजवळ अख्खा सांगली जिल्हा, आणि शाळा एक. काठावरच्या मुलाला शाळा ५२ किलोमीटर लांब.

अर्थात माणसं अशी सारखी पसरलेली नसतात. ब्रिस्बेन, इप्सविच आणि डार्लिंग डाउन्सच्या पट्ट्यात ती दाटीने होती आणि तिथल्या शाळा चालल्याही. पण सरासरीतून ही दाटी वजा केली की आतल्या मेंढवाड्यांच्या मुलखातला आकडा आणखीच बिघडतो. शेकडो चौरस मैलांचं कुरण, त्यावर मालकाचं एक घर, कुंपण राखणाऱ्या दोनचार गड्यांच्या झोपड्या, आणि पुढचा शेजारी दिवसभराच्या घोडदौडीवर.

मला या साऱ्या इतिहासात कायद्यांपेक्षा त्या ‘तीस’चं पुढे काय झालं यात जास्त रस आहे. मुलं वाढवणं सरकारच्या हातात नव्हतं, तेव्हा त्याने शाळाच लहान करत नेली. आणि प्रत्येक वेळी शाळेतून काहीतरी गळत गेलं.

पहिल्यांदा गळली इमारत. १८६९ पासून ‘तात्पुरत्या’ शाळा सुरू झाल्या. पंधरा मुलं असली तरी चालेल, पुढे बारासुद्धा चालतील. खोली मात्र पालकांनी उभी करायची, सरकार मास्तर देईल. आपल्याकडच्या वस्तीशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. फळकुटांच्या भिंती, झाडाच्या सालींचं छप्पर. सोन्याच्या मागे धावणाऱ्या वस्त्यांना असली शाळा सोयीची होती. १८६७ मध्ये गिम्पीला सोनं सापडलं, १८७३ मध्ये थेट उत्तरेला पामर नदीकाठी. माणसं लोटली, सोनं आटलं तशी पांगलीही. दगडी शाळा बांधली असती तर ती मागे राहिली असती. तरी बारा मुलांसाठीसुद्धा ३,३६० चौरस किलोमीटर लागतात, म्हणजे गोव्याहून थोडी कमी जमीन. शिवाय बारांच्या पटात एकाच घरातली सहा पोरं असली आणि त्या घराने मुक्काम हलवला, की शाळेचा कारभार आटोपला.

मग गळलं प्रशिक्षण. तात्पुरत्या शाळेवर जाणारा मास्तर किंवा बाई बहुधा कुठे शिकवायला शिकलेली नसे. मोठ्या शाळांतही चौदा-पंधरा वर्षांची ‘शिष्यशिक्षक’ पोरं सकाळी शिकायची आणि तीच खालच्या वर्गांना शिकवायची. क्वीन्सलँडमध्ये अध्यापक विद्यालय निघालं ते १९१४ मध्ये. तोवर वसाहतीने फी माफ केली होती (१८७० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत सर्वांत आधी), १८७५ च्या कायद्याने शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष ठरवलं होतं. सक्ती म्हणजे सहा ते बारा वयाच्या मुलाने दर सहामाहीत किमान साठ दिवस शाळेत यायचं. हे कलम प्रत्यक्षात राबवायला १९०० साल उजाडलं. मला यात आळस दिसत नाही. जिथे शाळाच नाही तिथे गैरहजेरी कुणाची मांडणार?

साठ-साठ, म्हणजे वर्षाला १२० दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे गळलं ते रोजचं येणं-जाणं. न्यू साउथ वेल्सने आधीच एक मास्तर दोन शाळांत वाटून देण्याची शक्कल काढली होती. क्वीन्सलँडने १९०१ मध्ये मास्तरच चाकांवर बसवला. घोडागाडीत पुस्तकं, पाट्या आणि अंथरूण घेऊन हा फिरता शिक्षक घरोघर जायचा. हिशोबापुरती पन्नास घरं धरू आणि वर्षाला चार फेऱ्या. दोनशे मुक्काम झाले. प्रत्येक घरी एक दिवस थांबला तरी मधल्या वाटांना, घोड्यांच्या विश्रांतीला आणि फुगलेल्या नद्यांना वर्षातले उरलेले दिवस पुरायचे नाहीत. मुलाच्या वाट्याला वर्षाला चार दिवस. कायद्याच्या १२० दिवसांचा तिसावा हिस्सा! बाकीचे ३६१ दिवस मास्तर देऊन गेलेला अभ्यास आणि घरातल्या कुणाची तरी सवड.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘माणशी ४६ चौरस किलोमीटर’ या आकड्यात त्या भूमीची मूळ माणसं धरलेलीच नाहीत. शिरगणतीने आदिवासींना मोजलं नाही. पुढे १९०१ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतही त्यांना लोकसंख्येत धरू नये असं कलम होतं आणि ते १९६७ च्या सार्वमतानंतर निघालं. ज्या मुलखाचा ‘ओसाड’ म्हणून इतका भागाकार केला, तिथे मुलं होती. ती कुठल्याच भाजकात बसवली नव्हती. १८९७ च्या कायद्याने तर त्यांनी कुठे राहायचं हेही सरकारी ‘संरक्षक’ ठरवू लागले. एक मास्तर एका सांगलीएवढ्या मुलखात पाठवण्याची हौस असलेल्या सरकारची कल्पकता या मुलांपाशी येऊन अगदी आखडती झाली.

१ जानेवारी १९०९ पासून सरकारी शाळेची किमान हजेरी तीसवरून बारावर आणली आणि ठिकठिकाणच्या तात्पुरत्या शाळा एका दिवसात पक्क्या झाल्या. पाटी बदलली, छप्पर तेच.

१९२२ मध्ये उरलासुरला मास्तरही गळला. ब्रिस्बेनमध्ये पत्रद्वारा शाळा सुरू झाली: धडे टपालाने जायचे, सोडवलेली उत्तरं टपालाने यायची, तपासून पुन्हा जायची. वायव्य कोपऱ्यातलं बर्कटाउन ब्रिस्बेनपासून सरळ रेषेत सुमारे १,७५० किलोमीटर, मुंबई-कोलकाता हवाई अंतरापेक्षा जास्त. आता किमान पट एक झाला होता. एका मुलासाठीही शाळा चालू शकत होती. समोर बसून त्याच्याकडून धडा वाचून घ्यायला, पेन्सिल धरायला शिकवायला आणि पाकीट बंद करून टपालाच्या दिवशी तयार ठेवायला घरात कुणीतरी लागे. बहुतेक घरांत ती आई असे. ब्रिस्बेनच्या पगारपत्रकावर तिचं नाव नव्हतं.