ताण वेळेवर तोडा : बागेचा आणि स्वतःचाही

संत्रा बागायतदारांना ताणाचा अर्थ नव्याने सांगायला नको. बहार धरण्यासाठी आपण बागेचे पाणी बंद करतो. झाड विश्रांती घेते आणि ताण तोडल्यावर नवतीसह फुलते. मात्र हा ताण जमिनीच्या मगदुरानुसार ठरावीक दिवसच द्यायचा असतो. तो लांबला तर पानगळ होते, फांद्या वाळून सल वाढते. माणसाच्या शरीराचेही असेच आहे.

ताणात शरीरात काय घडते?

रात्रीची वीज, मजुरांची टंचाई, पडलेले भाव, कर्जाचा हप्ता, अशी काळजी वाटताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृतातील साखर रक्तात येते. संकट टळले की सर्व पूर्ववत होते. हा ताण अपायकारक नाही. परंतु काळजी रोजचीच झाली तर ताण तुटतच नाही.

वयानुसार फरक

वाढत्या वयात रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते, गाढ झोपही घटते. विशीतले जागरण एका झोपेत भरून निघते, पन्नाशीत तसे होत नाही. त्यामुळे सततच्या ताणाने उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो.

काय करावे?

१) वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी तो १४०/९० किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांकडून उपचार घ्यावेत. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

२) रात्रीच्या ओलितासाठी घरात पाळ्या लावाव्यात. रोज सुमारे सात तास झोप घ्यावी.

३) तंबाखूने ताण उतरल्यासारखा वाटतो, पण निकोटीनमुळे ठोके व रक्तदाब वाढतात. तंबाखू टाळावी.

४) कर्जाची व पिकाची काळजी घरात मोकळेपणाने बोलावी. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. ही शासकीय सेवा २०२२ पासून विनामूल्य व चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

पाने पाहून बागेचा ताण केव्हा तोडावा, हे आपण अचूक ओळखतो. तीच नजर स्वतःकडेही वळवावी. बाग पुन्हा लावता येते, शरीर पुन्हा लावता येत नाही.