गुळव्याचा चुना

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस तापू लागला की गुळव्या त्यात चुन्याची निवळी सोडतो. रस मुळात आम्लधर्मी असतो. निवळीने तो आंबटपणा उतरतो, गाळ एकवटतो आणि मळी वर येते. ती काढून टाकायची. निवळी किती घालायची, हे गुळव्या रसाचा रंग आणि मळीचे रूप पाहून ठरवतो. मात्र चुन्यातले कॅल्शियम रसातल्या कशाशी किती जुळेल, हे आयनांवरचे प्रभार ठरवतात. संयुगात धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य व्हावी लागते.

कळीच्या चुन्यात कॅल्शियमवर दोन धनप्रभार, ऑक्साइडवर दोन ऋणप्रभार. प्रमाण एकास एक. चुना पाण्यात फोडला की हायड्रॉक्साइड तयार होतो. त्याच्यावर एकच ऋणप्रभार, म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात. निवळी उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यावर पांढरी साय धरते. ते कॅल्शियम कार्बोनेट, पुन्हा एकास एक.

रसातल्या फॉस्फेटचा हिशेब अधिक रंजक आहे. त्याच्यावर तीन ऋणप्रभार. दोन आणि तीन यांचा लसावि सहा, म्हणून तीन कॅल्शियमला दोन फॉस्फेट. हे प्रमाण आयनांच्या संख्येचे. वजनात ते 120 ग्रॅमला 190 ग्रॅम भरते, आणि विद्यार्थी नेमके इथेच गोंधळतात. शिवाय पुस्तकातले हे उत्तर काहिलीत एकदम मिळत नाही. आंबट रसात फॉस्फेटने हायड्रोजन धरलेला असतो. एक हायड्रोजन असेल तर ऋणप्रभार दोनच उरतात आणि कॅल्शियमशी जोडी एकास एक जमते. निवळी पडत जाईल तसा हायड्रोजन सुटतो आणि प्रमाण तीनास दोनकडे सरकते.

न विरघळणारे हे कॅल्शियम फॉस्फेट खाली-वर होताना रसातला गाळ आपल्यात अडकवते. रसात फॉस्फेट कमी असेल तर थोडे फॉस्फरिक आम्ल घालतात. गाळ काढायला भेंडीचे चिकट पाणीही घालतात, पण त्याला असला हिशेब नसतो. ते गाळ नुसता गुंडाळून वर आणते.

फॉस्फेट संपल्यावर निवळी वाढवली तरी तीनास दोनचे चारास दोन होत नाही. उरलेला चुना रस अल्कधर्मी करतो, त्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बिघडते, गूळ काळपट पडतो. अशा गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, दर सौद्यात उतरतो.